नऊ फूट पाणी

ड्रॉइंगवर जहाज नव्हतंच.
पाच पात्यांचा पंखा, वरून आणि बाजूनं,
कोपऱ्यात यार्ड नंबर, आणि रिव्हिजन : एफ.
ए पासून एफ पर्यंत तीन वर्षं गेली.
कुणीतरी कुठंतरी जहाजाचं वजन उतरवलं,
मग तोफ बदलली, मग पुन्हा वजन,
आणि दर वेळी कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये
दस्तगीरचाचांनी सागवानी पॅटर्न
पाव मिलिमीटर खरवडला,
नाहीतर मुकाट बाजूला ठेवून नवा धरला.

किनाऱ्याजवळचं लढाऊ जहाज, एवढंच कळलेलं.
उथळात फिरतं, पाणबुडी हुडकतं.
"उथळ म्हंजे किती?"
नऊ फूट, म्हणाले पुण्याचे साहेब.
चाचा हिशेब करत राहिले.
आम्ही सांगलीची माणसं पाणी फुटातच मोजतो,
आयर्विनच्या पुलापाशी.
"मंग पुराच्या साली
मारुती चौकात आलं असतं की वो."
साहेब हसले नाहीत.
मी शामरावनगरात राहते. माझ्या फ्रिजच्या वर हातभर
त्या सालाची रेघ अजून आहे,
दोनदा रंग देऊनही.

चाचांचं घराणं मिरजेत सतारी करणारं.
बेगमपूरचे भोपळे, तुणीचं लाकूड, वासाचं सरस.
दुकान थोरल्याकडं गेलं,
हे फौंड्रीत आले ते फक्त कान घेऊन.

पहिलं कास्टिंग निवल्यावर
त्यांनी ते साखळीला टांगलं,
लाकडी हातोडीनं पात्यापात्याला टिचकी दिली.
चौथ्याशी थांबले.
"ह्ये गिळतंय."
मी तपासणीची. गेज, डायल, फॉर्म,
आणि फॉर्मवर गिळण्याचा रकाना नाही.
एक्स-रेला पाठवलं.
फिल्मवर चौथ्याच्या मुळाशी
केसाएवढी काळी रेघ.

दुसरं गेलं. तिसऱ्यात फुगा.
पाचवं चाचांनी ऐकलंसुद्धा नाही,
नुसतं बघून म्हणाले, वितळवा.
मगदूमशेठ रोज संध्याकाळी काट्यापाशी येऊन उभे राहत,
ब्राँझचा भाव त्यांच्या तोंडावर दिसायचा,
बोलत काही नसत.

सातवं वाजलं.
बराच वेळ वाजत राहिलं.
सिद्रामनं ग्राइंडर बंद केला,
चहाचा पोरगा कपांची जाळी धरून दारातच.

आणि आता त्याला गप्प करायचं होतं.
अटच तशी :
जहाज पाण्याला कान लावून असणार,
त्याचा स्वतःचा पंखा त्याला ऐकू येता कामा नये,
आणि खाली दडलेल्यालाही.
सतरा दिवस चाचा कानस घेऊन बसले.
पात्याच्या काठावर अंगठा फिरवायचे,
एक हात मारायचे, पुन्हा अंगठा.
बॅलन्सिंगच्या मशिनवर काटा हलेना तरी बसलेले.
मी म्हटलं, झालं की हो.
म्हणाले, "घोडीवर तारेखाली घासतो आम्ही,
सूर उघडावा म्हणून. जवारी म्हणत्यात.
आयुष्यभर तीच केली.
ही उलटी जवारी हाय पोरी, हिला येळ लागतो."

पेटी गेली त्या दिवशी चलनावर मी लिहिलं :
पंखा, एक नग.
ड्रायव्हरनं सही केली आणि विचारलं, घाटात जड पडेल का.

दीड वर्षानं एका ओळीचं पत्र :
चाचणीत आवाज मर्यादेत.
वाचून दाखवलं.
"म्हंजे?"
"ऐकू आला नाही."
"कुणालाच?"
"कुणालाच."
चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
पुन्हा घातला, आणि पत्र उलटं करून
मागची कोरी बाजूही बघितली.

तिसरं, फुग्याचं, भट्टीत गेलं नाही.
शेडच्या दाराशी टांगलंय.
साडेबाराला सिद्राम त्यावर पाना हाणतो.
जरा बद्द वाजतं,
पण माधवनगरच्या रस्त्यापर्यंत जातं.