पोत्यात नुसते चेहरे

पहिल्या दिवशी मी साडेचार किलो पिवळं आणलं.
उतरतानाच त्या पैशांचे रबरी बूट घेऊन झाले होते, मनात.
सावेताने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
मूठभर फुलं वर काढली, हुंगली,
आणि तराजूकडे न बघताच म्हणाली,
"व्हिओरिका, ह्यात आर्निका किती,
ते आता देवालाच ठाऊक."

अपुसेनीच्या कुरणांवर जूनअखेर
सगळंच पिवळं असतं.
पाकळ्या पिवळ्या, डोळा पिवळा,
उंची गुडघ्याला लागेल न लागेल एवढी.
आणि खुडलं की देठ तिथेच राहतो,
पानं तिथेच राहतात,
पोत्यात नुसते चेहरे येतात.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत ती वर आली,
स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देत.
"फूल बघू नकोस. खाली बस."
बसले. झगा कमरेपर्यंत भिजला.

"मोड ह्याचा देठ."
मोडला. बोटावर पांढरा चीक.
"दूध आलं की सोडायचं. आपलीला दूध नाही."
पुढच्याला दूध नव्हतं,
पण पानं एकाआड एक, फाटकी,
जिना चढावा तशी वर गेलेली.
"ग्लिगोरचा घोडा ह्यानंच गेला," ती म्हणाली,
आणि घोड्याचं नाव आठवत थोडा वेळ गप्प राहिली.
तिसऱ्याचं बुडाचं पान पत्त्यातल्या बदामासारखं.
तेही नाही.

मग माझं बोट धरून
तिने एका दांड्यावरून खाली नेलं:
बारीक लव, जराशी चिकट,
मग दोन पानं, अगदी समोरासमोर,
आपापल्या दारात उभ्या शेजारणींसारखी;
आणि तळाशी चार, जमिनीला चपटी,
कुणी नुकताच पाय देऊन गेल्यासारखी.
"हं. आता वर बघ. आता खुड."

त्या दिवशी पाऊण किलो.
तिने दोनदा तोललं.

पहिलं पोतं वखारीमागे ओतलं होतं,
गाई जात नाहीत अशा कोपऱ्यात.
आठवड्याभरात त्या ढिगाच्या म्हाताऱ्या झाल्या,
वारा आला, उडाल्या, परत कुरणाकडे.
ह्यातली आपली कुठली?
मला सांगता येईना.
सावेतालाही नाही.
मी विचारलं होतं.