न पेरल्याचे

आमच्या काउंटीत सगळ्यांना सगळ्यांचा आकडा ठाऊक असतो,
चर्चबाहेर मात्र हवापाण्याचंच बोलतात.
बत्तीस वर्षं मी या खिडकीपाशी,
कोर्टाच्या मागे, टपाल कचेरीला लागून.
सरकारचे किती कोणाच्या पदरात पडले
ते माझ्याच बोटांखालून गेलेलं असतं.

ऑर्व्हिल हॉगन दर मार्चला यायचा,
बुटांचा चिखल दाराशीच खरवडून.
एकशे चौदा एकर, उताराची जमीन;
तिथं काही न पेरल्याबद्दल चेक.
'व्यवसाय' या रकान्यापाशी त्याचं पेन अडायचं.
एकदा म्हणाला, "बापानं दगड वेचून
कंबर मोडून घेतली, व्हर्ना,
आणि मला हाताची घडी घालून बसल्याचे पैसे."
मग त्यानं लिहिलं: गवत.
मी खोडलं नाही.

यंदा सही फिनिक्सहून आली, मुलीची.
सोबत चिठ्ठी, निळ्या शाईत:
ते शेत आता कसं दिसतं?

फॉर्मात असा रकाना नाही.

रविवारी गाडी काढली.
कुंपणाशी उभी राहिले, कानात वारा.
गवत कमरेएवढं, गेल्या सालचं, तांबूस,
मधोमध वेचलेल्या दगडांचा ढीग,
त्याच्या बापाच्या वेळचा.
पाऊल टाकलं तर पायाशीच फडफडून
एक फेझंट उडाला,
मी चक्क किंचाळले. ऐकायला कोणी नव्हतं.

सोमवारी उत्तर लिहायला बसले.
'रक्कम सालाबादप्रमाणे' एवढं टाइप झालं.
मग कागद ओढून काढला
आणि हातानंच सुरुवात केली,
दगडांपासून.