फुटणं

औलू शहर, जानेवारी. दुपारी तीनलाच अंधार
खिडकीला नाक लावून उभा.
ओर्वोक्की गाळणकागदाच्या तुकड्यावर ठेवते
बारा दिवसांच्या उंदीर-गर्भाच्या
हनुवटीखालचा एक ठिपका,
खसखशीहून लहान.
खाली गुलाबी द्रव, वर नुसती हवा.

सध्या ती एकच कळी, आखूड देठावर.
जिभेच्या बुडाशी तोंडाचं अस्तर जरा जाड झालं
आणि त्यानं खाली, मऊ पेशींच्या गर्दीत, बुडी मारली.
ती गर्दी एकदा सोलून काढली होती आम्ही.
कळी तशीच बसून राहिली,
कुणी हाक न मारलेल्या पोरासारखी.

रात्री साडेअकरा. पहिली खाच.
मला वाटायचं फांदी पुढे पुढे धावते. तसं नाही.
गोळ्यालाच चीर पडते,
चिरेत बारीक धागे शिरतात, रुततात,
आणि एकाच्या दोन.
पेला फुटतो, कोंब फुटतो, रस्त्याला फाटा फुटतो:
इथे नक्की कोणतं, ते ठरवायचं
मी सोडून दिलं आहे.

तिचे वडील टाइस्तो पोस्टात होते.
चाळीस वर्षं पाकिटं जिभेनं चिकटवली.
मग घशात गाठ, पस्तीस वेळा किरणं.
गाठ गेली. तोंडचं पाणीही गेलं.
आता राईच्या पावाचा घास ताकात बुडवून,
उशाशी बाटली.

रविवारी आले. भिंगावर वाकून खूप वेळ पाहत राहिले.
तोवर कळ्या चाळीसवर गेल्या होत्या.
द्राक्षांचा घोस, मी म्हणालो.
छे, टपालाची वाट आहे ही, ते म्हणाले,
हमरस्ता, आडरस्ता, ते तिथे शेवटचं घर.
मग, यात पाणी कुठंय?

अजून नाही, ओर्वोक्की म्हणाली,
आधी देठ आतून पोकळ होतो,
नसा त्याला बिलगून वाढतात,
पाणी सगळ्यात शेवटी.
आणि हे कुणाला बसवता येत नाही, बाबा.
आम्ही फक्त मोजतो.

त्यांनी मान हलवली. आवंढा गिळायला
त्यांना बाटली लागते.
मग कोटातून पाकीट काढलं, केमीच्या बहिणीसाठी,
तूच चिकटव.
प्रयोगशाळेत जिभेला काही लावायची बंदी,
म्हणून ती बाहेर जिन्यात गेली.
दार लोटताना ऐकलं, ते विचारत होते,
अजून गोडच लागतो का गं, आधी?