विध्यर्थ

पानाला एकशेवीस रुपये. टायपिंग वेगळं.
जेलरोडवरून वैजयंता गांगुर्डे आली,
पेनड्राइव्ह ठेवून गेली:
काका, मंगळवारपर्यंत.

तिकडे वणीच्या पलीकडे कुठे एक उघडी खाण आहे,
ती आणखी उघडी होणार आहे.
त्या मंजुरीच्या अटी, एकूण त्रेसष्ट.
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायच्या,
म्हणून मराठीत.

प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी नोटांचे आकडे तपासले.
एक शून्य तिरकं गेलं तर अख्खा ताव रद्द.
त्यामुळे पहिल्याच अटीला अडकलो.

इंग्रजीत प्रत्येक अटीत एक 'शॅल' आहे.
त्याचं काय करू?
'रस्त्यावर दिवसातून तीनदा पाणी शिंपडावे'
हे 'खरे बोलावे'च्या शेजारी जाऊन बसतं.
नाही शिंपडलं तर फार तर पाप लागेल.
'शिंपडा' म्हणणारा मी कोण?
'शिंपडतील' हे तर भविष्य झालं.
शेवटी 'शिंपडणे बंधनकारक राहील' टाकलं,
वाक्याच्या गळ्यात लोढणं बांधल्यासारखं.

शाळेत उपासनीबाई लिहायच्या:
क्रियापदाचे अर्थ चार.
स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.
आम्ही पहिल्याला हसायचो.

कोळशाच्या वर जे जे काही असतं
त्याला त्यांच्यात एकच शब्द आहे,
शब्दशः केला तर वरचं ओझं.
कोशात पाहिलं. अधिभार.
विजेच्या बिलात येतो तो.
काळी माती, मुरूम, वाळवीचं घर,
कुणाचं जुनं जोतं, पळसाची मुळं:
अधिभार.
चहा झाला. दुसरा झाला.
'कोळशावरील थर' लिहिलं.
ओझं तेवढं काढून टाकलं,
माझ्या हातात तेवढंच होतं.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना मालती म्हणाली,
आज पुन्हा बारीक काळं आलंय.
एकलहऱ्याकडच्या चिमण्या आमच्या गॅलरीतून दिसतात,
एक झाडाआड.
त्यांना चारा कुठून येतो
हे इतक्या वर्षांत तिनं विचारलं नाही, मीही.

अट एकेचाळीस: परिसरातील वाघांसाठी
संवर्धन आराखडा तयार करणे बंधनकारक राहील.
रात्री पावणेदोनला मालगाडी गेली,
कपाटातल्या वाट्या वाजल्या.
मालगाडीच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात.
उठून मोजल्या.
एकोणसाठ.

परिशिष्टात विहिरींचा तक्ता होता.
विहीर चार. मालक इसतारी टेकाम.
खोली अकरा मीटर. पाणी पिण्यायोग्य.
पुढचा रकाना: विस्तारानंतर.
तो सगळ्यांचाच कोरा,
पानभर.
कोऱ्याचं भाषांतर करावं लागत नाही,
तरी मी खाली हात ठेवून
एकेक ओळ उतरत गेलो,
जुन्या सवयीनं.

आणि त्रेसष्टावी.
अटींचे पालन न झाल्यास मंजुरी रद्द…
इथे मात्र शॅल नाही.
बासष्ट वेळा होता, इथे नाही.
इथे 'मे' आहे.
रद्द होऊ शकते.
'शकते'वर बोट ठेवलं, खाली काही दबतंय का पाहिलं.
मूळ तपासलं. दोनदा.
माझी चूक नव्हती.

संकेतार्थ कुठेच लागला नाही.
'केलं असतं तर', 'राहिलं असतं तर'
हे मंजुरीपत्रात येत नाही.
बहुधा विहीर चारच्या
शेवटच्या रकान्यासाठी ठेवलं असावं.

मंगळवारी वैजयंता आली.
छान सोपं झालंय, काका.
वाचलंस?
नाही हो, पानं मोजली. सव्वीस.
त्यात ते कोरं पान धरलंस का? मी विचारलं.
धरलं, म्हणाली.
आणि पैसे मोजू लागली,
नवे, करकरीत,
आकडे सरळ.