चाळीस वजा

रिकामा काटासुद्धा चाळीस किलो दाखवायचा.
पहिल्याच दिवशी म्हटलं, दुरुस्त करून घेऊ.
खल्फान बिन झहरान म्हणाला, राहू दे,
वजा करत जा. त्यासाठीच तर तुला आणलंय.
माझ्या नावातला 'व' त्याच्या तोंडात बसेना,
विलासचा फिलास झाला, फिलासचा फुलूस.
फुलूस म्हणजे पैसे.
चोवीस वर्षं ओमानच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरात
पैसे म्हणून हाक आली की मी ओ द्यायचो.

खाण कसली, खड्डाच.
झहरान, खल्फानचा बाप, चुकलेली शेळी शोधत गेला होता.
एक काळा धोंडा त्यानं उचलला.
एवढ्याशा दगडानं इतकं जड असू नये,
म्हणून घरी आणला, दाराला लावला.
वर्षभर वाऱ्यानं दार आपटलं नाही.
मग एक जपानी भूगर्भवाला पाणी मागायला आला
आणि पाणी पिता पिता दाराकडेच बघत राहिला.
त्याला एक कपची काढून दिली.
दगड परत जागेवर.

परवाना. उसना कॉम्प्रेसर. दोन बलुची.
नस्रानं पायातले चांदीचे वाळे उतरवले
आणि बेडफर्डच्या टाकीत पहिलं डिझेल पडलं.
हे मी पाहिलेलं नाही.
वहीच्या पहिल्या पानावर आहे, अरबीत,
मी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं.

मी रेडीचा. आमच्याकडे खाण म्हणजे कंपनी,
भोंगा, फाटक, तांबडे ओढे,
आईनं कितीही आपटले तरी तांबडेच राहिलेले पंचे.
इथं क्रोम. काळं, कोरडं.
शिंकलं की रुमालावर काजळ.
आणि खाण म्हणजे एकाच परातीतला भात,
भोवती खल्फान, त्याचे मुलगे, मुराद बख्श, मी,
परातीच्या कडेला टेकवलेलं पावतीबुक,
त्यावर तुपाची बोटं.

हे खनिज शिरेसारखं धावत नाही.
गाठोड्यासारखं बसतं.
सोडलं, घेतलं, संपलं.
दुसरं गाठोडं वीतभर पलीकडे असेल
किंवा या डोंगरातच नसेल.

भाव चढला त्या वर्षी ट्रक रांगेत उभे.
सैफनं नवा लोडर घेतला, हुमैदनं मस्कतला घर,
आणि दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.
मी दोघांची खाती समोरासमोरच्या पानांवर मांडली,
एक निळ्या शाईत, एक काळ्या.
खल्फान वही उघडायचा,
आकडे बघायचा नाही,
पानांमधली शिवण अंगठ्यानं चाचपायचा.

मग एका मंगळवारी मुराद बख्श वर आला,
हातात हिरवट भुकटी.
नुसता हिरवा दगड लागलाय, म्हणाला.
आणखी अकरा भोकं पाडली.
अकराही हिरवी.
तेव्हा सैफ आणि हुमैद एकाच गाडीतून आले,
पण ते वकिलाकडे जाण्यासाठी.

काटा इब्रीच्या भंगारवाल्यानं घेतला.
त्याची माणसं बोल्ट सोडवायला वाकली
तसा खल्फान म्हणाला, थांबा.
चपला काढल्या,
ट्रकच्या जागेवर जाऊन उभा राहिला,
एवढ्या मोठ्या लोखंडावर एकटाच.

शंभर.
चाळीस वजा, मी म्हटलं. साठ.
खरं तर तो काटा वीस-वीसनंच उडी मारतो,
माणसासाठी केलेला नाही.
साठच्या अलीकडे-पलीकडे किती, कोण जाणे.

लिही, म्हणाला.
मी तारीख लिहिली. गाडी क्रमांक: रेघ.
चालक: तोच.
माल?
तो चपला घालत होता, उत्तर आलं नाही.

वही आता रेडीत आहे, कपाटात, वर डांबरगोळ्या.
तो रकाना मी रिकामा ठेवलाय.
आमच्या मागच्या दारालाही वारा फार लागतो,
दोनदा कडी तुटली.
जांभा लावून पाहिला. हलका पडतो.