ड्रिफ्ट

हिंगणा एमआयडीसी, पत्र्याची शेड,
मे महिन्याचा तिसरा आठवडा.
तीन बोर्ड टेबलावर मांडलेत, झाकणं घट्ट लावून,
जसे पुढे पंपाच्या पेटीत असतील तसेच.
आत पासष्ट अंश.

प्रत्येकात दोन घड्याळं.
एक लिनक्सचं, वीज आहे तोवर जागं.
दुसरं बटणाएवढ्या सेलवर,
सगळं बंद पडलं तरी एकटं मोजत बसणारं.
उठल्या उठल्या पहिलं दुसऱ्याला विचारतं, किती वाजले?
मिळेल ते उत्तर खरं मानतं
आणि मग दिवसभर आपल्याच चालीनं चालतं.

माझं काम एवढंच,
दर दहा मिनिटांनी दोघांना एकदम गाठायचं
आणि खिडकीत टांगलेल्या जीपीएसच्या साक्षीनं
कोण किती सरकलं ते लिहायचं.
एकदम गाठणं म्हणायला सोपं.
सेलवरचं घड्याळ सेकंदाच्या खालचं बोलतच नाही,
म्हणून स्क्रिप्ट काठावर उभी राहते
सेकंद उलटेपर्यंत.

स्फटिक उन्हात मंदावतो.
थंडीतही मंदावतो.
पंचवीस अंशांवर काय तो खरा,
आणि नागपुरात पंचवीस अंश जेव्हा असतात
तेव्हा बहुतेक मी झोपलेली असते.
पहिला बोर्ड: दिवसाला साडेचार सेकंद मागे.
दुसरा: चार पूर्णांक नऊ.
तिसरा:
१ जानेवारी १९७०.

"हा काहून सत्तरमध्ये गेला बाप्पा?"
टेंभुर्णेकाका माझ्या खांद्यावरून वाकून बघतात.
सेल मेला, मी सांगते.
ज्याला काहीच ठाऊक नसतं
तो तिथून मोजायला लागतो.

त्यांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं.
"मंग हा तं माह्याच जातीचा.
माय सांगे, मोहफुलं वेचाचे दिवस होते.
साल तिले मालूम नाई.
हेडमास्तरनं एक जुलै लिवलं.
वर्गात एकोणीस पोट्टे, सब्बन एक जुलैचे."

येत्या तीस जूनला ते रिटायर होतायत.
एचआरनं पत्र दिलंय, वर्गणी सुरू आहे.

"मोहफुलं ते जुलै," ते बोटांवर मोजतात,
"तीन महिने. का पंधरा?
सांगा ना मॅडम, किती ड्रिफ्ट?"

खिडकीतला जीपीएस
सात उपग्रह धरून बसलेला.
मी त्याच्याकडे बघितलं, उगाच.

तेवढ्यात वीज गेली.
कूलर गुरगुरून थांबला, पडदे काळे झाले.
दोन पेट्यांच्या आत दोन सेल मोजत राहिले,
चुकत, पण मोजत.
तिसऱ्याचं झाकण मी उघडलं.
काकांनी भिंग धरलं, न सांगता, बरोब्बर उंचीवर.
नवा सेल टक् करून बसला.

वीज आली तेव्हा कर्सर लुकलुकत होता,
तारीख मागत.
"टाका कोन्तीबी," काका म्हणाले,
"एकडाव टाकली का मंग चालते ते."

मी जीपीएसची टाकली.
अहवालात, बोर्ड तीनच्या रकान्यात,
आकड्याच्या जागी लिहिलं:
सुरुवात माहीत नाही. आजपासून मोजणी.
काका पुन्हा सोल्डरिंगला बसले होते.
चार वाजत आले होते,
दोन-चार सेकंद इकडेतिकडे.