उरलेली हवा

इबू सुमेर्तीला पोहता येत नाही.
तीस वर्षं झाली, ती टाक्या वाहते.
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर एक, कधी दोन,
समुद्रकाठच्या काळ्या गोट्यांवरून,
जिथं माझे पाहुणे जाड बुटांतही धडपडतात
तिथं ती रबरी चपलांत,
मान ताठ,
मागून येणाऱ्या सुनेशी भांडत.

मी फ्लोरेसचा. या गावात परका.
मला जहाज ठाऊक, गाव नाही.
जहाजाची पिछाडी अडीच पुरुष पाण्यात,
नाळ त्याहून खाली, जिथं निळं गढूळ होतं.
पाणी कोमट,
ताप उतरू लागलेल्या पोराच्या कपाळाइतकं.
नाक दाबा, फुंकर मारा, कान मोकळे करा,
कशाला हात लावू नका,
हे मी रोज चार भाषांत खुणांनीच सांगतो.

मग लोखंड दिसतं. म्हणजे लोखंड दिसत नाही,
दिसतात त्यावर उगवलेले पंखे, स्पंज, मऊ प्रवाळ,
पोपटमासे कुरतडतायत, त्याचा करकर आवाज,
तोफेच्या बुडाशी एक वाम,
तोंड उघडं, जणू कुणी नाव विचारलंय
आणि तिला आठवत नाहीये.
आणि डाव्या कुशीत ती चौकोनी खिडकी.
सगळ्यांना तिथूनच आत जायचं असतं.
आत अंधार, वर भोकांतून पडलेले उन्हाचे खांब,
आपलेच बुडबुडे छताला चिकटून
पाऱ्यासारखे थरथरतात.
फोटो तिथलाच निघतो.

इबू सुमेर्ती रिकाम्या टाक्या परत नेते
आणि नेताना सांगते:
ही त्या उंच बाईची, घाबरली होती.
ही म्हाताऱ्याची, अर्धीअधिक तशीच आणलीय, शहाणा आहे.
डोक्याला कळतं म्हणते.
हवेला वजन असतं हे मी पुस्तकात वाचलं होतं,
तिच्या मानेनं ते मोजलेलं.

परवा पाहुणे आले नाहीत. वारा होता.
ती गोट्यांवर बसून मक्याची कणसं सोलत होती.
म्हणाली, खाली ती खिडकी अजून आहे का रे?
मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?
म्हणाली, माझ्या बापानं कापली ती.
जहाज तेव्हा काठावर आडवं पडलेलं,
पोरं त्याच्यावर चढून पतंग उडवायची.
करवतीची पाती, एकेक मोडत,
चाळीस दिवस त्यानं तो पत्रा काढला.
डुकरांच्या गोठ्याला दार हवं होतं.
मग डोंगर फुटला,
जमीन हलली आणि जहाज आपलं आपण
घसरत पाण्यात गेलं. मी पोटात होते.
दार राहिलं.
आता डुकरं नाहीत. त्या पत्र्यावर मी कॉफी भाजते.

मी त्याच संध्याकाळी एकटा उतरलो.
तसं उतरू नये. उतरलो.
खिडकीच्या कडेला बोटं लावली,
पाहुण्यांना जे करू नका म्हणतो तेच.
तीन बाजू प्रवाळानं माखलेल्या.
चौथी, खालची, इतक्या जणांच्या पोटांनी घासून गुळगुळीत,
आणि त्या गुळगुळीतात
दाते. वेडेवाकडे. एका ठिकाणी करवत घसरली असावी,
तिथून पुन्हा सुरुवात केलेली.
कसला ओरखडा तो, माझ्या करंगळीएवढा.
एक शेवंडा त्यात मिशा घालून बसलेला.
मी किती वेळ होतो ते काट्यानं सांगितलं,
सुई लाल पट्ट्यात.

वर आलो तेव्हा काळोख पडत होता.
इबू सुमेर्ती अजून तिथंच. कणसं संपलेली.
टाकी तिनं मुकाट्यानं डोक्यावर घेतली,
चार पावलं गेली, थांबली.
आज बरीच खर्च केलीस, म्हणाली.
मी काही बोललो नाही.
बोलायला तेवढी हवा खरंच उरली नव्हती.

टपरीपाशी तिनं टाकी उतरवली,
बुड वाळूत रुतवून उभी केली,
पाटीवर खडूनं दिवसाच्या खेपा लिहिल्या.
एक खेप होती. लिहून पुसली.
ही धरत नाही, म्हणाली,
आणि चुंबळीचं फडकं सोडून
त्यानं माझं तोंड पुसायला लागली.